एत्तोरे बुगाटी : ज्यांची शंभर वर्षांपूर्वीची इंजिनं आजही शर्यतीत धावतात

बुगाटी म्हटलं की आज ताशी चारशे किलोमीटरने पळणारी, कोट्यवधी रुपयांची गाडी डोळ्यांसमोर येते. पण ही गाडी बनवणाऱ्या कंपनीचा मूळ बुगाटीशी संबंध जवळपास नावापुरताच आहे. ते नाव फोक्सवॅगनने १९९८ मध्ये विकत घेतलं. जुन्या रेसिंग गाड्यांचे शौकीन मात्र बुगाटी म्हटलं की १९२४ सालच्या एका इंजिनाबद्दल बोलतात. दोन लिटरचं, आठ सिलिंडरचं आणि दुरुस्तीला अत्यंत किचकट असं ते इंजिन. तरीही जगभरातले लोक ते सुटं करतात, पुन्हा जोडतात आणि शर्यतीत पळवतात.

या वेडाचं मूळ समजून घ्यायचं, तर ते इंजिन बनवणाऱ्या माणसाची गोष्ट पाहावी लागते.

कलाकारांच्या घरातला इंजिनिअर

एत्तोरे बुगाटी यांचा जन्म १५ सप्टेंबर १८८१ रोजी इटलीतल्या मिलानमध्ये झाला. वडील कार्लो हे फर्निचर आणि दागिन्यांचे नावाजलेले कारागीर, तर धाकटा भाऊ रेम्ब्रांट प्राण्यांची शिल्पं घडवणारा शिल्पकार. एत्तोरे यांनीही कलेचंच शिक्षण घ्यावं असं ठरलं होतं. पण ते सायकली आणि मोटार-ट्रायसायकली बनवणाऱ्या मिलानच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून दाखल झाले आणि यंत्रांमध्येच रमले.

१९०१ मध्ये त्यांनी स्वतःची गाडी तयार करून मिलानच्या प्रदर्शनात मांडली. ती पाहून आल्सेसमधल्या डी डिट्रिश या कंपनीने पुढच्याच वर्षी त्यांना गाड्यांच्या डिझाइनचं काम दिलं. तेव्हा एत्तोरे कायद्याने सज्ञानही नव्हते, म्हणून करारावर वडिलांना सही करावी लागली.

पुढे दोन-तीन कंपन्यांत काम केल्यावर १९०९ मध्ये त्यांनी आल्सेसमधल्याच मोल्सहाइम गावात कापड रंगवण्याचा एक बंद पडलेला कारखाना भाड्याने घेतला. आल्सेस तेव्हा जर्मनीत होतं, पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्सकडे गेलं. म्हणजे जन्माने इटालियन असलेल्या माणसाचा जर्मनीत सुरू झालेला कारखाना पुढे फ्रान्सची शान ठरला.

असं काय होतं त्या इंजिनात?

त्या काळी जास्त ताकद हवी तर मोठं इंजिन लावायचं, असा सरळ हिशेब होता. बुगाटींनी उलटा विचार केला. इंजिन लहान आणि हलकं ठेवायचं, पण ते जास्त वेगाने फिरवायचं.

१९२४ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहराजवळच्या ग्रां प्री शर्यतीत त्यांनी ‘टाइप ३५’ उतरवली. तिचं इंजिन होतं १,९९१ सीसीचं. एका रांगेत आठ सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह. दोन व्हॉल्व्ह इंधनमिश्रित हवा आत घ्यायला आणि एक धूर बाहेर टाकायला.

पण खरी गंमत होती क्रँकशाफ्टमध्ये. पिस्टन वर-खाली होतात आणि त्या हालचालीचं फिरण्यात रूपांतर करतो तो हा दांडा. बहुतेक इंजिनांत तो मऊ धातूच्या साध्या बेअरिंगवर फिरायचा. बुगाटींनी त्याला बॉल आणि रोलर बेअरिंग दिलं. घर्षण कमी झालं आणि इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांपर्यंत जाऊ लागलं. मात्र रोलर बसवण्यासाठी क्रँकशाफ्ट अखंड करून चालणार नव्हता. तो अनेक तुकड्यांत बनवून अतिशय अचूकपणे जोडावा लागायचा. एक तुकडा केसभर हलला तरी सगळी मेहनत वाया.

वडिलांच्या आणि भावाच्या कलेचा वारसा दिसायचा तो इंजिनाच्या बाहेरच्या रूपात. सपाट पृष्ठभाग, काटकोनी कडा, अवजड काहीच नाही. अनेक जोड इतके अचूक घासलेले असायचे की मध्ये गॅस्केटचीही गरज पडत नसे. बॉनेट उघडल्यावर लोकांनी बघत राहावं, असं ते इंजिन होतं.

ल्योंच्या पहिल्याच शर्यतीत टायरांनी दगा दिला आणि हाती काही लागलं नाही. पण पुढच्या वर्षापासून चित्र पालटलं. सिसिलीच्या डोंगराळ रस्त्यांवरची टार्गा फ्लोरिओ ही शर्यत बुगाटीने १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं जिंकली. १९२९ ची पहिलीवहिली मोनॅको ग्रां प्रीसुद्धा या गाडीच्याच सुधारित आवृत्तीने जिंकली. विशेष म्हणजे ही गाडी फक्त कंपनीच्या ड्रायव्हरसाठी नव्हती. खिशात पैसे असलेल्या कुणालाही ती विकत घेऊन शर्यतीत उतरता यायचं.

हट्ट, जो महागात पडला

बुगाटींचा स्वतःच्या डोळ्यांवर इतका विश्वास होता की दुसऱ्याची कल्पना त्यांना सहज पटत नसे. इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर लावून फियाटने १९२३ मध्ये ग्रां प्री जिंकली. बुगाटींनी तो स्वीकारला १९२६ मध्ये. ब्रेकसाठी तेलाच्या दाबाची पद्धत इतरत्र रुळली, तरी त्यांच्या गाड्या १९३८ पर्यंत केबलवर थांबत होत्या.

एकदा मात्र त्यांनी हट्ट बाजूला ठेवला. १९२९ मध्ये अमेरिकन ड्रायव्हर लिओन ड्युरे दोन मिलर गाड्या घेऊन युरोपात आला. त्यांच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडण्यासाठी एकाऐवजी दोन कॅमशाफ्ट होते. बुगाटींनी आपल्या तीन गाड्या देऊन त्या दोन मिलर घेतल्या आणि त्यांच्या इंजिनांचा बारकाईने अभ्यास करवला. त्यातून आलेल्या ‘टाइप ५१’ने १९३१ ची मोनॅको ग्रां प्री जिंकली.

याच काळात त्यांनी राजेरजवाड्यांसाठी ‘रॉयाल’ नावाची गाडी काढली. आज आपल्याकडच्या छोट्या गाडीचं इंजिन साधारण १.२ लिटरचं असतं. रॉयालचं होतं १२.७ लिटरचं. तिच्या पुढच्या टोकावर रेम्ब्रांटने घडवलेला हत्ती होता. रेम्ब्रांटने १९१६ मध्येच आत्महत्या केली होती. जगभर मंदी आली आणि अवघ्या सहा रॉयाल बनल्या. त्यातल्या फक्त तीन तेव्हा विकल्या गेल्या. पण ती प्रचंड इंजिनं वाया गेली नाहीत. बुगाटींनी ती रेल्वेच्या डब्यांत बसवली आणि १९३३ पासून या वेगवान रेलकार फ्रान्समध्ये धावू लागल्या. कारखाना तगला तो या कामामुळे.

शेवटची वर्षं

१९३६ मध्ये फ्रान्सभर संप झाले. बुगाटींच्या कामगारांनीही कारखाना ताब्यात घेतला. स्वतःला कामगारांचा पालक समजणाऱ्या बुगाटींना हे इतकं लागलं की त्यांनी कारभार मोठा मुलगा जाँकडे सोपवला आणि ते पॅरिसला राहायला गेले. ११ ऑगस्ट १९३९ रोजी गाडीची चाचणी घेताना रस्त्यात आलेल्या सायकलस्वाराला वाचवण्याच्या प्रयत्नात जाँचा मृत्यू झाला. तो ३० वर्षांचा होता. तीनच आठवड्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. जर्मन ताब्यात त्यांना कारखाना विकावा लागला आणि युद्ध संपल्यावर तो परत मिळवण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. निकाल बाजूने लागला तोवर ते अंथरुणाला खिळले होते. २१ ऑगस्ट १९४७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.

मग हे वेड टिकलं कसं?

कंपनी मागे पडली, पण गाड्या शौकिनांनी सांभाळल्या. इंग्लंडमध्ये बुगाटी मालकांचा क्लब १९२९ मध्येच सुरू झाला होता. प्रेस्कॉट इथे त्यांच्या स्वतःच्या चढावाच्या रस्त्यावर आजही जुन्या गाड्या धावतात. अर्जेंटिनातल्या एका कारखान्यात तर टाइप ३५ ची इंजिनासकट नवी प्रतिकृती बनते.

या वेडाची काळी बाजूही आहे. फ्रान्समधल्या मुलूझजवळ कापड गिरण्यांचे मालक असलेल्या श्लुम्फ बंधूंनी शंभराहून जास्त बुगाटी गुपचूप जमवल्या. गिरण्या बुडाल्या, कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. १९७७ मध्ये कामगारांनी कुलूप तोडलं, तेव्हा आत चकाकणाऱ्या गाड्यांच्या रांगा दिसल्या. आता तिथे सार्वजनिक संग्रहालय आहे.

टाइप ३५ च्या इंजिनात सिलिंडर आणि त्यांचं झाकण एकाच ओतकामात आहे. त्यामुळे व्हॉल्व्ह घासायचे झाले तरी अख्खा ब्लॉक उचलावा लागतो. व्यवहार पाहणारा इंजिनिअर असं काही बनवणार नाही. पण तो ब्लॉक उचलणाऱ्याला प्रत्येक वेळी दिसतं, की जो भाग एरवी कुणाच्याही नजरेस पडणार नव्हता, तोही कुणीतरी तितक्याच निगुतीने घडवलेला आहे.