राखेतला धातू शोधणारे हम्फ्री डेव्ही

भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांना पालाश म्हणजे काय ते सांगायला नको. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश असं लिहिलेलं असतंच. पालाश म्हणजे पोटॅश. पूर्वी ते लाकडाच्या राखेतून काढीत. या पोटॅशमधला धातू ज्यांनी प्रथम वेगळा केला, त्या हम्फ्री डेव्ही यांचे चरित्र मी लिहीत आहे.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडमधील पेन्झान्स या गावी झाला. वडील लाकडावर कोरीव काम करीत. १७९४ साली ते वारले, मागे कर्ज राहिलं. पाच भावंडांत हम्फ्री थोरले, वय पंधरा-सोळा. मग ते एका डॉक्टरांच्या हाताखाली काम शिकायला राहिले. कॉलेजात ते कधी गेलेच नाहीत. रसायनशास्त्र पुस्तकं वाचून स्वतःच शिकले, आणि १८०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लागले.

तिथे त्यांनी मोठी बॅटरी घेऊन पोटॅश फोडायचं ठरवलं. पाण्यात विरघळवून वीज सोडली, तर एका तारेपाशी हायड्रोजन, दुसऱ्या तारेपाशी ऑक्सिजन. म्हणजे पाणीच फुटलं, पोटॅश तसंच! बरं, कोरडा खडा घेतला तर वीजच जाईना. ऑक्टोबर १८०७ मध्ये त्यांनी खडा थोडा वेळ हवेत ठेवला. जरासा ओलावा धरताच वीज वाहू लागली आणि तिच्याच उष्णतेनं खडा वितळला. ऋण टोकापाशी पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसले. काही तर पेटलेच! डेव्ही आनंदानं खोलीभर नाचले. काही दिवसांतच त्यांनी सोडियमही काढलं.

असं का होतं? आमच्या गुरुजींनी कोरड्या मिठात दोन तारा खोचून दाखवल्या, बल्ब लागला नाही. अशा क्षारांत धन आणि ऋण भाराचे कण एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. वितळल्यावर ते मोकळे फिरतात. धन कण ऋण तारेकडे जाऊन धातू होतात, ऋण कण दुसऱ्या तारेकडे जातात. मीठ वितळवून दाखवा म्हटलं तर गुरुजी हसले. त्याला ८०० अंशांच्या वर तापवावं लागतं!

शोधानंतर डेव्ही इतके आजारी पडले की वाचतात की नाही असं झालं. पण १८०८ साली त्यांनी चुन्यातलं कॅल्शियम काढलं, मॅग्नेशियमही काढलं. १८१२ साली प्रयोगात स्फोट होऊन डोळ्याला इजा झाली. १८१५ साली खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा केला, त्याचं पेटंट घेतलं नाही. मला ही गोष्ट फार आवडली.

२९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे ते वारले. अॅल्युमिनियम मात्र त्यांच्या हाती लागलं नव्हतं. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी वेगवेगळं काम करून ते जमवलं. अॅल्युमिनियमची माती वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवायची आणि वीज सोडायची. आपण ज्याला जर्मनचं पातेलं म्हणतो, त्याचा धातू असाच निघतो.