नकाशावरचा तो छोटा त्रिकोण

स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहून पाठवा, असा निरोप आला. बाकीचे सोबती गॅदरिंग, सहल आणि छडी यांवर लिहितीलच. मी मात्र अशा एका माणसावर लिहितो आहे, जो आपल्या शाळेत कधी आला नाही. तो वारला तेव्हा आपली शाळा तर सोडाच, तशा शाळाच या मुलखात नव्हत्या. पण नववीत आपल्या भूगोलाच्या सरांनी भिंतीवर जो स्थलदर्शक नकाशा टांगला होता, तो या माणसाशिवाय झाला नसता. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन.

तो नकाशा तुम्हाला आठवत असेल. तांबूस समोच्च रेषा, निळं पाणी, कोरड्या नाल्यांच्या काळ्या रेघा, हिरवं जंगल, पिवळी शेतं, गावं नि रस्ते लाल. सर आपल्याला गावाबाहेर नेत, नकाशा जमिनीवर पसरत आणि उत्तरेकडच्या अजिंठ्याच्या रांगेशी तो जुळवून ठेवायला लावत. रेषा दाटीनं आल्या की कडा, विरळ झाल्या की सपाटी. एकात एक मिटलेली वेटोळी म्हणजे टेकडी. रेषांचं टोक चढाकडे वळलेलं असेल तर नाला आणि उताराकडे वळलेलं असेल तर डोंगराची सोंड. एवढं झालं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे: इथं पडलेलं पाणी कुठं जातं? डोंगराच्या पलीकडे पडलेला थेंब तापीला मिळून अरबी समुद्रात जातो. अलीकडे पडलेला पूर्णेतून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. धावड्याच्या पोरांना आपण दोन समुद्रांच्या उंबऱ्यावर राहतो हे पहिल्यांदा तेव्हा कळलं.

नकाशावर कुठं कुठं एक बारीक त्रिकोण असे, शेजारी उंचीचा आकडा. आम्हाला वाटायचं, ती देवळाची खूण असेल. सरांनी सांगितलं की हा मोजणीचा बिंदू आहे आणि सगळा नकाशा अशा बिंदूंवर टांगलेला आहे. लॅम्बटनची गोष्ट तिथूनच सुरू होते.

अठराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात एका गरीब घरात त्याचा जन्म झाला. शाळा नॉर्थॅलर्टनची. गणित चांगलं, पण वशिला नाही. १७८१ साली तो सैन्यात खालच्या हुद्द्यावर लागला. पुढची बरीच वर्षं कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये जमिनी मोजण्यात आणि बराकींची व्यवस्था पाहण्यात गेली. सूर्यग्रहण न्याहाळताना त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली, असं सांगतात. रात्री गणिताची पुस्तकं वाचायची, हा त्याचा एकमेव छंद. चाळिशी ओलांडलेला हा अबोल माणूस आपल्या ३३ व्या पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला. पलटणीचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली.

हे नाव आपल्याला परकं नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच भोकरदन तालुक्यात, असईला, शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी लढलेला इंग्रज सेनापती तोच. केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात ती लढाई झाली. नदीला पुढे उतार नाही, असं वाटाडे सांगत होते. पण दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं वेलस्लीला दिसली. येण्याजाण्याला वाट नसती तर माणसांनी अशी गावं वसवली नसती, असं त्यानं ताडलं आणि उतार खरंच सापडला. दोन्ही बाजूंची शेकडो माणसं त्या दिवशी आपल्या मातीत पडली. जमीन वाचता येणं ही ताकद आहे आणि ती कुणाच्याही हातात जाऊ शकते, हे मला असईच्या शिवारातून जाताना दर वेळी आठवतं.

लॅम्बटन असईला नव्हता. त्याची परीक्षा चार वर्षं आधी, १७९९ च्या म्हैसूरच्या युद्धात झाली. एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी छावणीकडे परतते आहे अशा समजुतीनं चालली होती. लॅम्बटननं ताऱ्यांकडे पाहून सांगितलं, की आपण उत्तरेला नाही, दक्षिणेला, म्हणजे थेट टिपूच्या फौजेकडे निघालो आहोत. जनरलला ते रुचलं नाही. शेवटी होकायंत्र पाहिलं, तेव्हा लॅम्बटन खरा निघाला.

युद्ध संपल्यावर त्यानं सरकारपुढे एक योजना मांडली. देश त्रिकोणांनी मोजायचा. युक्ती साधी आहे, आपण ती दहावीला शिकलो. त्रिकोणाची एक बाजू नीट मोजा, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीशी होणारे कोन घ्या, म्हणजे उरलेल्या दोन बाजू न मोजता कळतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभे करा. अवघड असते ती पहिली बाजू. १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्यानं ती मोजायला घेतली. शंभर फुटांची पोलादी साखळी, उन्हानं ती लांबते म्हणून वर सावली आणि शेजारी तापमापक. साडेसात मैलांना ५७ दिवस लागले. तिथून त्रिकोणांची माळ पश्चिम किनाऱ्याला भिडली, तेव्हा द्वीपकल्प जुन्या नकाशांतल्यापेक्षा सुमारे ४० मैलांनी अरुंद निघालं.

कोन घेण्याचं थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाचं होतं. ते इंग्लंडहून येताना फ्रेंचांनी जहाजासकट पकडलं, पण मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरनं पुढे ते मद्रासला पाठवून दिलं. १८०८ साली तंजावरला मोठ्या देवळाच्या गोपुरावर ते चढवत असताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. ज्या चकतीवर सगळ्या कोनांची मदार, तीच वाकली. लॅम्बटननं कुणावर ठपका ठेवल्याचं ऐकिवात नाही. तो यंत्र घेऊन तंबूत शिरला आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून सहा आठवड्यांत ती चकती केसाकेसानं मूळ आकारात आणली. त्याच यंत्रानं पुढची मोजणी झाली.

कन्याकुमारीकडून उत्तरेला, ७८ व्या रेखावृत्ताच्या आसपास, त्यानं माळ वर नेली. पृथ्वीचा आकार नेमका कसा, हे त्याला त्यातून काढायचं होतं. कंपनीला हवा होता राज्य करायला आणि सारा बसवायला नकाशा. दोन्ही कामं एकाच साखळीनं झाली, हे विसरून चालणार नाही. आणि ती साखळी उचलणारे, डोंगरमाथ्यावर निशाण धरून दिवसेंदिवस उभे राहणारे खलाशी इथलेच होते. हिवतापानं, जंगलानं किती मेले. त्यांच्या नावाचा त्रिकोण कुठल्याच नकाशावर नाही.

१८१८ साली या कामाला हिंदुस्थानची महान त्रिकोणमितीय मोजणी असं नाव मिळालं आणि जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण हाताखाली आला. तोवर दीड लाख चौरस मैलांहून अधिक मुलूख मोजून झाला होता. म्हातारा लॅम्बटन थांबला नाही. हैदराबादहून ठाणं नागपूरला हलवायला निघाला आणि वाटेत, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाटला वारला. एव्हरेस्टनं माळ हिमालयापर्यंत नेली. पुढे राधानाथ सिकदारांच्या गणितातून जगातलं सर्वांत उंच शिखर ठरलं आणि त्याला एव्हरेस्टचं नाव मिळालं. लॅम्बटनच्या वाट्याला वर्धा जिल्ह्यातलं एक थडगं आलं. समोच्च रेषा नंतरच्या पिढ्यांनी काढल्या, पण त्या उंच्या ज्या बिंदूंवरून मोजत गेल्या, त्यांची पहिली गाठ त्यानं मारलेली.

आता हे सगळं मी का सांगतो आहे ते सांगतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्याकडे पाणलोटाचं काम होतं. एका डोंगराळ गावात नालाबांधाची जागा नकाशावरून मी निवडली. रेषांची टोकं पाहिली, उंचीचे आकडे नीट वाचले नाहीत. जिला मी वरची दरी समजलो ती सोंड होती. त्यामुळे ज्या उताराचं पाणी माझ्या नाल्यात येईल असा हिशेब केला, ते सगळं शेजारच्या नाल्याला जात होतं. शेळ्या राखणाऱ्या एका आजीनं मला हात करून दाखवलं होतं, की बाबा, पाणी तिकडं जातं. माझ्या हातात नकाशा होता, म्हणून मी ऐकलं नाही. गावातल्या बायाबापड्यांनी उन्हाळाभर दगड-माती वाहिली. पहिल्या मोठ्या पावसात शेजारचा नाला दुथडी भरून गेला आणि आमच्या बांधात गुडघाभरही पाणी साचलं नाही. खालच्या विहिरी त्या वर्षीही मार्चमध्येच आटल्या. अहवालात कारण गेलं अपुऱ्या पावसाचं. तो अहवाल मीच लिहिला होता.

पुढे बरीच कामं नीट झाली. पण तो बांध मनातून गेला नाही. काही वर्षांपूर्वी नागपूरकडे जाताना हिंगणघाटला मुद्दाम उतरलो, लॅम्बटनच्या थडग्यापाशी थोडा वेळ उभा राहिलो. वाकलेली चकती सहा आठवडे सरळ करत बसलेला माणूस डोळ्यांपुढे आला. चूक त्याच्याही पुढ्यात पडली होती. त्यानं ती झाकली नाही, दुरुस्त केली. मी पावसावर ढकलली.

त्यानंतर मी त्या गावी गेलो आणि तिथल्या लोकांना खरं काय झालं ते सांगितलं. आजी तेव्हा हयात नव्हत्या. त्यांच्या नातवानं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला तसं काहीच नाही. नुसता शेजारच्या नाल्याकडे पाहत राहिला.

सर, मेळाव्याला तुम्ही पहिल्या रांगेत बसाल. नववीतला तुमचा प्रश्न तेवढा एकच होता: पाणी कुठं जातं? परीक्षेत मी त्याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं, जमिनीवर चुकलो. हे तुम्हाला इतकी वर्षं सांगायचं राहिलं होतं. शाळेतला तो नकाशा अजून असेल तर या मुलांसाठी पुन्हा भिंतीवर लावावा आणि त्यांना एकदा डोंगराकडे न्यावं, एवढी विनंती. सोबत शेळ्या राखणारं कुणी भेटलं, तर त्यांनाही विचारावं.