जोसेफ लिस्टर

जोसेफ लिस्टर (५ एप्रिल, १८२७ - १० फेब्रुवारी, १९१२) हे ब्रिटिश शल्यविशारद आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक होते.

इंग्लंडमधील अप्टन येथे एका क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील मद्याचे व्यापारी. पण सूक्ष्मदर्शकाची भिंगे सुधारल्याबद्दल त्यांचेही नाव राहिले आहे. १८६० मध्ये लिस्टर ग्लासगो विद्यापीठात शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळी मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर आले की जखम चिघळे आणि जीव वाचवण्यासाठी बहुधा तो अवयवच कापावा लागे. खंडाळा-लोणावळ्याचा बोरघाट रेल्वेमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. त्या कातळात हातपाय मोडून घेतलेल्या मजुरांसाठी याहून खात्रीचा उपाय जगात कोठेच नव्हता.

कुजण्याची क्रिया सूक्ष्मजीवांमुळे होते, हे लुई पाश्चर यांचे प्रतिपादन लिस्टर यांना जखमेलाही लागू पडेल असे वाटले. ऑगस्ट १८६५ मध्ये गाडीचे चाक पायावरून गेलेल्या जेम्स ग्रीनलीस या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्यांनी कार्बोलिक अॅसिडची पट्टी बांधली. सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळले; पाय वाचला. १८६४ व १८६६ या वर्षांत त्यांच्याकडील ३५ अवयवविच्छेदनांपैकी १६ रुग्ण दगावले होते. १८६७ ते १८६९ या काळात ४० पैकी सहा.

१८७७ मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात आले आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला गुडघ्याची फुटलेली वाटी त्यांनी सांधा उघडून चांदीच्या तारेने जोडली. कातडी न फाटलेला सांधा मुद्दाम उघडणे हे समव्यावसायिकांना अविचाराचे वाटले. रुग्ण दगावला तर लिस्टर यांच्यावर खटला भरावा, अशी भाषा झाल्याचे सांगतात. जखम पू न होता भरली. शरीरात धातू ठेवायचा तर आधी जंतू रोखले पाहिजेत, हे त्यातून दिसले.

ती अडचण आजही संपलेली नाही. सळई, पट्टी किंवा कृत्रिम सांध्याच्या पृष्ठभागावर जीवाणू चिकट थर करून राहतात व तेथे प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत. म्हणून काही सळयांवर जेंटामायसिनचा लेप, तर हाडाच्या कर्करोगानंतर बसवायच्या काही कृत्रिम सांध्यांवर चांदीचा मुलामा देतात. चांदीचे आयन जीवाणूंना मारक ठरतात. लिस्टर यांची भिस्त मात्र चांदीवर नसून कार्बोलिकवर होती. कार्बोलिकचा फवारा निरुपयोगी ठरल्यावर त्यांनी स्वतःच तो सोडून दिला.

१८९७ मध्ये त्यांना बॅरन ही पदवी मिळाली. त्यांच्या निधनानंतर वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये प्रार्थनासभा झाली. दफन मात्र त्यांच्या इच्छेनुसार वेस्ट हॅम्पस्टेड येथे, पत्नी अॅग्नेस यांच्या शेजारी झाले.