विश्लेषण : नाशिकच्या तपोवनातील वादात आठवण झालेल्या ‘चिपको’च्या गौरादेवी कोण होत्या?

नाशिक रोड : सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातील सुमारे १,८०० झाडे तोडण्याचा किंवा हलवण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये पुढे आला, तेव्हा नाशिककर विरोधासाठी एकत्र आले आणि ‘चिपको’ हा शब्द पुन्हा चर्चेत आला. या शब्दाला देशभर ओळख मिळाली ती उत्तराखंडातील रेणी या डोंगरी गावामुळे. योगायोग असा, की रेणीपासून काही किलोमीटर खाली नदीकाठी वसलेल्या गावाचे नावही तपोवनच आहे. रेणीच्या बायकांचे नेतृत्व करणाऱ्या गौरादेवींची ही ओळख.

गौरादेवी कुठल्या?
त्यांचा जन्म १९२५ मध्ये आजच्या चमोली जिल्ह्यातील लाता गावी, भोटिया समाजात झाला. लोकर आणि तिबेटशी चालणारा व्यापार हा या समाजाचा जुना आधार. लहान वयातच त्यांचे लग्न होऊन त्या शेजारच्या रेणीत आल्या. बाविसाव्या वर्षी पती गेले. पदरी लहान मुलगा होता. शाळेत जाण्याची संधी त्यांना मिळाली नव्हती. १९६२च्या चीन युद्धानंतर तिबेटचा व्यापार बंद पडला आणि गावाची भिस्त शेती, जनावरे आणि जंगलावर आली. पुढे त्या गावच्या महिला मंगल दलाच्या अध्यक्ष झाल्या.

जंगलाचा प्रश्न कसा पेटला?
जुलै १९७० मध्ये अलकनंदेला महापूर आला. गावे, पूल, रस्ते वाहून गेले. वरच्या डोंगरावरची झाडे गेली की पावसाचे पाणी आणि माती थेट खाली येते, हे गावकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यातच शेतीच्या अवजारांसाठी लागणारे अंगूचे लाकूड स्थानिकांच्या संस्थेला नाकारून खेळाचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीला देण्यात आले. चंडीप्रसाद भट्ट यांच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाने त्याविरुद्ध एप्रिल १९७३ मध्ये मंडल गावी आंदोलन केले. झाडाला चिकटून राहायचे, म्हणजे कुऱ्हाड चालवणाऱ्याला थांबावेच लागेल, ही त्यामागची कल्पना. ‘चिपको’ हे नाव त्यातूनच आले. यानंतर रेणीच्या जंगलातील सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झाला.

२६ मार्च १९७४ला काय घडले?
त्या दिवशी गावात पुरुष नव्हते. युद्धानंतर सैन्यासाठी घेतलेल्या जमिनींची भरपाई घ्यायला त्यांना चमोलीला बोलावले होते. भट्ट यांनाही वनाधिकाऱ्यांनी गोपेश्वरमध्ये चर्चेत गुंतवून ठेवले होते. त्याच दिवशी ठेकेदाराची माणसे जंगलाकडे निघाली. एका मुलीने ती पाहिली आणि धावत जाऊन गौरादेवींना सांगितले. त्यांनी घरोघरी जाऊन बायका-मुली गोळा केल्या. एकूण २७ जणी जंगलात पोहोचल्या.

आधी त्यांनी मजुरांना समजावले. हे जंगल आम्हाला माहेरासारखे आहे, ते तुटले तर डोंगर गावावर येईल, असे गौरादेवींचे सांगणे होते. धमक्या आल्या, शिवीगाळ झाली. एकाने बंदूक रोखली, तेव्हा गौरादेवी छाती पुढे करून उभ्या राहिल्या. एकीनेही हात उचलला नाही आणि जागाही सोडली नाही. मजूर मागे फिरल्यावर बायकांनी दरड कोसळलेल्या वाटेवर टाकलेला सिमेंटचा तुकडा काढून जंगलाकडे जाणारा रस्ताच तोडला आणि रात्रभर पहारा दिला.

परिणाम काय झाला?
उत्तर प्रदेशचे तत्कालीन मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणा यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा निष्कर्ष बायकांच्या म्हणण्याशी जुळला. रेणीसह अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यातील सुमारे १,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात १० वर्षे तोड थांबली. पुढे इंदिरा गांधी सरकारच्या काळात उत्तर प्रदेशच्या हिमालयात हजार मीटरवरील वृक्षतोडीवर १५ वर्षांची बंदी आली. १९८६ मध्ये गौरादेवींना वृक्षमित्र पुरस्कार मिळाला. ४ जुलै १९९१ला त्यांचे निधन झाले.

मग गाव जिंकले का?
झाडे वाचली, पण जंगलाबाबतचा निर्णय गावाच्या हाती आला नाही. १९८२ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झाले आणि लाता-रेणीच्या लोकांची जुनी कुरणे व वाटा बंद झाल्या. ज्यांनी जंगल राखले, त्यांनाच तिथे जायला मज्जाव झाला. हे हक्क परत मिळावेत म्हणून १९९८ मध्ये गौरादेवींच्या माहेरी, लातामध्ये, पुन्हा आंदोलन उभे राहिले.

खोऱ्यात जलविद्युत प्रकल्पही आले. ७ फेब्रुवारी २०२१ला वरच्या डोंगराचा खडक-बर्फाचा कडा कोसळून ऋषिगंगेला पूर आला. रेणीजवळचा प्रकल्प वाहून गेला, खालच्या तपोवनच्या बोगद्यात कामगार अडकले. दोनशेहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. त्याच वर्षी जूनमध्ये रेणीचा रस्ता खचला आणि गावातील गौरादेवींचा पुतळा जोशीमठला हलवावा लागला.

नाशिककरांसाठी अर्थ काय?
हिमालयातले जंगल आणि गोदाकाठची शहरी झाडी यांची बरोबरी होत नाही. तिथे डोंगर सुटण्याची भीती होती, इथे सावली, पाखरे आणि नदीकाठची माती यांचा प्रश्न आहे. तरी एक गोष्ट सारखीच आहे. रेणीत लिलाव आधी झाला आणि जंगलालगत राहणाऱ्यांचे म्हणणे ऐकायला समिती नंतर आली. मधल्या वेळेत २७ जणी उभ्या राहिल्या नसत्या, तर समितीला पाहायला जंगलच उरले नसते. झाडांवर खुणा करण्याआधी लोकांना विचारायचे की नंतर, हा प्रश्न १९७४ मध्ये रेणीत होता आणि तपोवनातही तोच आहे.