अजब बंगल्यातला नकाशा

आमच्या पारशिवनीकडे माझ्या लहानपणी ‘टाटा’ या शब्दाचे दोनच अर्थ होते. एक म्हणजे मालाने भरलेला ट्रक. दुसरा अर्थ मोठी माणसं हळू आवाजात वापरायची. तो शेवटी सांगतो.

तिसरा अर्थ खरं तर आमच्या सर्वांत जवळचा होता, पण आम्ही त्याला टाटा म्हणत नव्हतो, ‘एम्प्रेस’ म्हणत होतो. नागपूरच्या जुम्मा तलावाजवळची एम्प्रेस मिल. घरातलं धोतर एम्प्रेसचं, चादर एम्प्रेसची, आणि गावातला कुणी तिथे कामाला लागला की लग्नाच्या बाजारात त्याचा भाव वाढलेला. 1 जानेवारी 1877 रोजी, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी ती सुरू केली. जमशेटजींवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र नेहमी कुतूहल वाटत आलं ते त्यांच्या थोरल्या मुलाचं, दोराबजींचं. बाप स्वप्न पाहून जातो तेव्हा त्याची बिलं कोण भरतं, हे पाहायचं असेल तर दोराबजींचं चरित्र वाचावं.

27 ऑगस्ट 1859 चा त्यांचा जन्म, मुंबईचा. शाळा मुंबईत झाली, मग इंग्लंड आणि केंब्रिज. तिथे दोन वर्षं काढली, अभ्यासाइतकंच मैदानही गाजवलं आणि 1879 मध्ये परत येऊन सेंट झेवियर्समधून 1882 साली बी.ए. केलं. वारसदाराला लगेच गादीवर बसवतील असं आपल्याला वाटतं. पण दोराबजींनी आधी दोन वर्षं ‘बॉम्बे गॅझेट’ या वर्तमानपत्रात बातमीदारी केली. 1884 मध्ये ते वडिलांच्या कापसाच्या धंद्यात आले. पाँडिचेरीत गिरणी काढता येईल का हे पाहायला आधी त्यांना तिकडे धाडलं आणि मग नागपूरला, एम्प्रेसमध्ये, कापूस शिकायला. मालकाच्या मुलाने बोंड हातात धरून धागा ओळखायला शिकावं, ही त्या घरातली शिस्त होती.

आता त्या नकाशाची गोष्ट. जमशेटजींना पोलादाचा कारखाना काढायचा होता. चांदा जिल्ह्यात, लोहाऱ्याच्या जंगलात, उत्तम लोखंड आहे असा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांनी 1882 मध्येच वाचला होता. परवाना मिळायला विसाव्या शतकाची पहाट उजाडावी लागली. वडील थकले होते. तेव्हा 1903-04 च्या सुमारास चाळिशी ओलांडलेले दोराबजी अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांच्यासह चांद्याच्या जंगलात उतरले. बरोबर आतेभाऊ शापूरजी सकलातवाला. (हेच शापूरजी पुढे विलायतेला जाऊन कम्युनिस्ट म्हणून ब्रिटिश पार्लमेंटात निवडून आले. एकाच घरातून भांडवलदार आणि कम्युनिस्ट, दोघेही एका बैलगाडीने जंगल तुडवताना डोळ्यांपुढे आणा!) चांद्याचा भाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथलं ऊन, डास आणि पाण्याची टंचाई वेगळी सांगायला नको. एवढं करून निष्पन्न काय, तर लोखंड चांगलं पण पुरेसं नाही, आणि वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा नाही.

मोहीम गुंडाळायची ठरवून दोराबजी नागपूरला आले. परवाना परत करतो, हे सांगायला सरकारी कचेरीत गेले. ज्या साहेबाला भेटायचं ते जागेवर नव्हते. वेळ काढायचा म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. हे आपलं सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, 1863 साली सुरू झालेलं, ज्याला नागपूरचं आबालवृद्ध अजब बंगला म्हणतं. तिथे मध्य प्रांताचा एक रंगीत भूस्तर-नकाशा टांगलेला होता. प्रमथनाथ बोस या हिंदी भूगर्भशास्त्रज्ञाच्या पाहणीवरून तो तयार झालेला. दुर्ग जिल्ह्याच्या जागी गडद रंग होता, म्हणजे तिथे लोखंड. साहेबाला काय सांगायचं होतं ते बाजूला राहिलं. दोराबजी आणि वेल्ड दल्ली-राजहराच्या टेकड्यांवर पोचले, तर सगळी टेकडीच लोखंडाची!

तिथेही कारखाना झाला नाही. जवळ कोळसा आणि पाणी यांचा मेळ बसेना. पण हेच प्रमथनाथ बोस आता मयूरभंज संस्थानात काम करत होते. तिथल्या लोखंडाविषयी त्यांनी 1904 च्या फेब्रुवारीत टाटांना कळवलं, आणि वाट अखेर साकचीला जाऊन थांबली. त्याच साली मे महिन्यात जमशेटजी जर्मनीत वारले. कारखान्याची एक वीटही त्यांनी पाहिली नाही. लंडनच्या पेढ्यांनी पैसा द्यायला कां-कूं केली, तेव्हा दोराबजींनी 1907 मध्ये स्वदेशात भागभांडवल मागितलं. वंगभंगानंतरचे दिवस होते. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार लोकांनी दोन कोटी बत्तीस लाखांच्या आसपास रक्कम उभी केली. 16 फेब्रुवारी 1912 रोजी पहिलं पोलाद बाहेर पडलं. 1919 मध्ये साकचीचं जमशेदपूर झालं. गावाला नाव वडिलांचं लागलं, मुलाचं नाही.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे मैदान. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून, यांना ऑलिंपिकला पाठवायचं, असं त्यांनी मनावर घेतलं. 1920 मध्ये अँटवर्पला गेलेल्या चमूत बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. ते मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. कुस्तीतले रणधीर शिंदे चौथे आले. खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी उचलला होता.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला टाळता येत नाही. टाटांच्या वीज कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतलं तेही याच काळात. मावळातल्या पन्नासाच्या घरातल्या गावांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. 1921 मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि धरण झालंच. मुंबईला वीज मिळाली. आमच्या तालुक्यातही पेंचच्या पाण्यासाठी माणसं जमिनीवरून उठली आहेत, त्यामुळे या प्रकरणाकडे मला त्रयस्थपणे बघता येत नाही. मजुरांना आठ तासांचा दिवस 1912 मध्येच देणारं हे घराणं मुळशीच्या शेतकऱ्याशी वागताना इतकं कठोर का झालं, याचा उलगडा मला कधी झाला नाही.

महायुद्ध संपलं, परदेशी पोलाद स्वस्त झालं, आणि 1924 मध्ये जमशेदपूरहून तार आली की पगाराला पैसे नाहीत. दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता, सुमारे एक कोटीची, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात पत्नी मेहरबाईंचे दागिने होते. 245 कॅरटचा, कोहिनूरच्या दुपटीहून जड असा ज्युबिली हिराही त्यात होता, असं सांगतात. मेहरबाई नुसत्या दागिने घालणाऱ्या नव्हत्या. साडी नेसून टेनिसची बक्षिसं जिंकणाऱ्या, बालविवाहबंदीसाठी झटणाऱ्या. नवऱ्याहून वीस वर्षांनी लहान. होमी भाभांची ही सख्खी आत्या. कारखाना तगला, तारण सुटलं.

पण 18 जून 1931 रोजी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये गेल्या. मूलबाळ नव्हतं. पुढच्या मार्चमध्ये दोराबजींनी आपलं जवळजवळ सगळं, हिऱ्यासकट, विश्वस्त निधीला लिहून दिलं. पत्नीच्या नावानेही रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी वेगळा निधी काढला. मग तिच्या समाधीच्या दर्शनाला ते युरोपला निघाले. वाटेत, 3 जून 1932 रोजी, जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथे त्यांनी डोळे मिटले. वर्षश्राद्धाला पंधरा दिवस उरले होते. लंडनजवळच्या ब्रुकवूडच्या दफनभूमीत दोघं शेजारी आहेत.

हिरा विकला गेला. दोराबजींच्या निधीतून 1941 मध्ये परळला कर्करोगाचं रुग्णालय उभं राहिलं. एम्प्रेस मिल 2002 मध्ये कायमची बंद पडली, तिच्या जागेवर आता मॉल आहे.

आणि तो दुसरा अर्थ. माझ्या लहानपणी आमच्या आळीतल्या एका काकूंना मुंबईला नेलं. दारात बसलेल्या बायकांपैकी एकीने, कुठे नेलं, म्हणून विचारलं. टाटाला, एवढंच उत्तर आलं. पुढे कुणी आजाराचं नाव विचारलं नाही.