कानांनी साथ सोडली तेव्हा



७ मे १८२४. व्हिएन्ना शहरातील नाट्यगृहात एका नव्या सिंफनीचा पहिला प्रयोग चालू होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण ज्याने ती रचना केली तो मात्र श्रोत्यांकडे पाठ करून उभाच होता. त्याला काहीच ऐकू येत नव्हते. गायिका कॅरोलिन उंगर हिने त्याला वळवले, तेव्हा कुठे त्याला टाळ्या वाजवणारे हात दिसले. तो होता थोर संगीतकार लुडविग फान बेथोवन.

बेथोवनचा जन्म जर्मनीतील बॉन येथे एका कॅथलिक कुटुंबात झाला. १७ डिसेंबर १७७० रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील दरबारी गायक, पण दारूच्या आहारी गेलेले. १७८७ साली आई वारली आणि धाकट्या भावांचा भार कोवळ्या वयात त्याच्यावर पडला. १७९२ साली तो व्हिएन्नाला गेला आणि थोड्याच वर्षांत पियानोवादक म्हणून नावारूपाला आला.

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या सुमारास त्याचे कान बिघडू लागले. कानात रात्रंदिवस गुणगुण चाले. लांबून वाद्यांचे आणि माणसांचे वरच्या पट्टीतले सूर ऐकू येईनासे झाले. कोणी हळू बोलले तर आवाज यायचा, पण शब्द समजत नसत. कोणी ओरडले तर ते सहन होत नसे. आतल्या कानाच्या विकारात अशी लक्षणे आजही दिसतात. बदामाचे तेल, थंड आणि कोमट पाण्याची स्नाने असे उपाय झाले, पण कान सुधारले नाहीत.

त्याहून मोठे दुःख वेगळेच होते. संगीतकाराला ऐकू येत नाही हे लोकांना सांगायचे कसे? म्हणून तो माणसे टाळू लागला. लोक त्याला तुसडा आणि गर्विष्ठ समजू लागले. ऑक्टोबर १८०२ मध्ये हायलिगेनश्टाट या खेड्यात त्याने भावांना उद्देशून एक पत्र लिहिले. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दूरची बासरी ऐकू येते आणि आपल्याला येत नाही, ही मानहानी त्याला असह्य झाली होती. जीवन संपवण्याचा विचारही मनात आला होता. पण आपल्या हातून जे व्हायचे आहे ते पूर्ण केल्याशिवाय जग सोडायचे नाही, असे त्याने ठरवले. ते पत्र त्याने कधीच पाठवले नाही. त्याच्या मृत्यूनंतर ते कागदपत्रांत सापडले.

पुढे कानाला लावायचे कर्णे आले. १८१८ पासून भेटायला येणारे वहीत लिहीत आणि तो तोंडी उत्तर देई. याच काळात त्याने मिस्सा सोलेम्निस हे भव्य मिस्सासंगीत रचले. त्याचा शिष्य रुडोल्फ याच्या आर्चबिशपपदाच्या सोहळ्यासाठी ते हवे होते. सोहळा १८२० साली उरकला, रचना मात्र १८२३ साली पूर्ण झाली! अखेरचे संस्कार स्वीकारून २६ मार्च १८२७ रोजी त्याने देह ठेवला. शवविच्छेदनात त्याच्या श्रवणाच्या नसा आक्रसलेल्या आढळल्या. २०२३ साली त्याच्या केसांवरून जनुकीय तपासणी झाली, तरी बहिरेपणाचे कारण हाती लागले नाही.

बंधुभगिनींनो, असे न पाठवलेले पत्र आपल्याही घरात कोणाच्या मनात असेल. आजोबा हल्ली बोलत नाहीत, आजी भलतेच उत्तर देते, म्हणून आपण हसतो किंवा चिडतो. कदाचित त्यांना ऐकूच येत नसेल. कधी कारण साधे असते, कानात साचलेला मळ किंवा वाहता कान, आणि त्यावर उपचार आहेत. वयोमानाने आलेल्या बहिरेपणात श्रवणयंत्राचा उपयोग होतो. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घरगुती तेल ओतत बसू नये. आणि त्यांच्याशी बोलताना ओरडू नये. समोर बसून, सावकाश, स्पष्ट बोलावे.

मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने बहिऱ्या माणसाला बरे केले. पण त्याआधी त्याला गर्दीतून बाजूला नेले. त्याच्यासाठी वेगळा वेळ काढला. बरे करणे आपल्या हाती नसेल, पण बाजूला घेऊन जवळ बसणे नक्कीच आहे. या रविवारी घरी गेल्यावर तेवढे करू या.

तुमचा धर्मगुरू