पंडिता रमाबाई आणि त्यांचे शास्त्राध्ययन

आपल्या खेड्यांतील बंधुभगिनी पुष्कळदा विचारतात की, पवित्र शास्त्र समजण्यास कोणता ग्रंथ घ्यावा? ह्या प्रश्नाचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथील अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले होते. त्या मातेने कन्येस शिकविले. पुढे तीर्थाटनात व दुष्काळात मातापिता व वडील बहीण वारली. बंधूसह पायी फिरत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या, आणि तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

त्याच नगरात ख्रिस्ती लोकांनी त्यांस संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्र भेट दिले. हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या ह्या विदुषीने ते उघडले, परंतु त्यातील भाषेची धाटणी परकी वाटून त्यांस काही बोध झाला नाही. पुस्तक हाती होते, पण त्याचे दार बंद होते.

१८८० साली बिपिनबिहारी मेधावी ह्या वकिलांशी त्यांचा विवाह झाला व त्या आसामातील सिल्चर येथे राहू लागल्या. तेथे पतीच्या पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली. ती मात्र त्यांस समजली व गोड वाटली. आयझॅक अ‍ॅलन नामक बाप्तिस्त मिशनरी घरी येऊन उत्पत्तीचा पहिला अध्याय समजावून सांगत. पतीस हे रुचले नाही, तरी बाईंची जिज्ञासा मावळली नाही. १८८२ साली पती पटकीने वारले, आणि लहानग्या मनोरमेस घेऊन त्या एकाकी झाल्या.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. नेहम्या गोरे ह्या आपल्याच देशबांधवाच्या लिखाणाने त्यांच्या बुद्धीचे समाधान झाले, व त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि बुद्धी पटली म्हणजे अंतःकरण शांत झाले असे नाही. सुमारे आठ वर्षांनंतर विल्यम हॅस्लम ह्या इंग्रज उपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना त्यांस उमगले की, आपणास ख्रिस्ती धर्म लाभला, पण स्वतः ख्रिस्त अद्याप लाभला नाही. मग त्या सर्व ग्रंथ बाजूस ठेवून शास्त्राकडे वळल्या व प्रभूस शरण गेल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन व पुढे केडगावास मुक्तिसदन त्यांनी स्थापिले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांचे अखेरचे श्रम थोड्यांस ठाऊक आहेत. प्रचलित मराठी भाषांतरातील अवघड संस्कृत शब्द खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीस कळत नाहीत, हे त्यांनी पाहिले. कलकत्त्यास आपण जो अडथळा अनुभवला, तोच आपल्या मुलींपुढे उभा आहे, असे त्यांस दिसले असेल. म्हणून उतारवयात त्या इब्री व ग्रीक शिकल्या, इब्रीचे व्याकरण मराठीत लिहिले आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर आरंभिले. खिळे जुळविण्याचे व छापण्याचे काम मुक्तीतील मुलींनीच केले. १९२१ साली मनोरमा वारली, तरी लेखणी थांबली नाही. ते काम संपवून बाई ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूजवळ गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली छापून निघाला. मंडळ्यांतून त्या भाषांतराचा सार्वत्रिक स्वीकार झाला नाही. परंतु त्यामागील तळमळ व्यर्थ म्हणता येत नाही.

प्रिय वाचकहो, कळमनुरी किंवा सेनगावच्या खेड्यात राहणाऱ्या आपणांस ह्यातून बोध घेण्यासारखा आहे. मोठ्या ग्रंथापेक्षा समजणारे एक शुभवर्तमान प्रथम घ्या. अडले तर जाणत्यास विचारा. टीका व आत्मवृत्ते वाचा, पण ती दिवटी समजून. दिवटीने वाट दिसते, चालावे आपणच लागते. आणि ज्या भगिनीस वाचता येत नाही, तिला रोज सायंकाळी एक अध्याय वाचून दाखवा. रमाबाईंचे श्रम तिच्याचसाठी होते.